खुडूक

आमच्या वाडीत फणसाखाली एक जीप उभी आहे. उभी आहे असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं. दोन चाकं वीतभर मातीत गेलीत, तिसऱ्याचा टायर पोरांनी झोपाळ्याला नेला, आणि चौथ्यापुढे आबांनी २००६ साली लावलेला धोंडा अजून तिथंच आहे, गाडी उतारावरून पळून जाऊ नये म्हणून. वाडीत उतार नाही.

मी बोईसरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. सव्वीस वर्षं झाली. दर मार्चअखेर कुठला माल चालता, कुठला मंद आणि कुठला मेलेला, याची यादी करून साहेबांपुढे ठेवणं हे माझं काम. दोन वर्षं जागचा हलला नाही की तो डेड स्टॉक, लिहा नि भंगारात काढा. या नियमानं मी आजवर पंप काढले, व्हॉल्व्ह काढले, एकदा चुकून नवाकोरा कॉम्प्रेसरही काढला होता. आणि घरी एकोणीस वर्षं न हललेली वस्तू रोज दात घासताना बघतो.

आता ती अगदीच निरुपयोगी आहे असं नाही. आगोटीच्या दिवसांत शेजारच्या मावशी तिच्या बॉनेटवर सुकट वाळवतात. काच केव्हाच गेली, पण काचेच्या चौकटीवर चार टॉवेल आणि एक गोधडी मावते. तारापुरात आमचा पत्ता 'जीपवाल्यांकडे' असाच सांगतात. आणि कोंबड्यांचं तर ते प्रसूतिगृहच. या जातीच्या जीपला तेलाची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. पंपावर गेलं की आधी ड्रायव्हरनं उठायचं, सीट बाजूला करायची, मग तेल. पंपावरच्या पोऱ्यासाठी उठून उभा राहणारा हा तालुक्यातला एकमेव शेठ, असं आबांना लोक चिडवत. त्या टाकीचं वरचं झाकण गंजून गेलं आणि खाली छान पसरट घमेलं तेवढं उरलं. कुणी त्यात पेंढा टाकला. तेव्हापासून आमच्याकडची अंडी डिझेलच्या वासाची आहेत असं पाव्हणे म्हणतात. आम्हाला वास येत नाही. एमआयडीसीच्या वाऱ्यावर वाढलेल्या नाकाला कसला वास येणार!

प्रश्न उपटला तो पुतण्यामुळे. तो ठाण्याहून नवी थार घेऊन आला, आणि वाडीत ती लावायला जागा नव्हती. दहा वेळा पुढे, दहा वेळा मागे. शेवटी ती रस्त्यावर लावली आणि रात्री दोनदा उठून बघून आला. सकाळी चहाचा कप ठेवताना बायको म्हणाली, "अहो, एकदाचं काय ते ठरवा. चालवायची असेल तर चालवा, नाही तर विकून टाका. मला तिथं शेड हवीय."

ठरवा म्हणणं सोपं आहे. आमच्या घरात लग्नं ठरली, जमिनी ठरल्या, पण जीपचं काही ठरलेलं मला आठवत नाही. ती आली तीसुद्धा न ठरवता. आबा गवताच्या धंद्यात होते. आमच्याकडचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई, तेव्हा वखारीची चैन होती. ते लिलावाला गेले होते ट्रॉली घ्यायला. ट्रॉली दुसऱ्यानं नेली, आणि इतक्या लांब आलोच आहोत तर, म्हणून आबांनी जीपवर बोली लावली. गाडी चालवता येत नव्हती. घरी ती बैल लावून आणली, असं आजी सांगायची. ड्रायव्हरच्या जागेवर आबा बसले होते आणि हॉर्न वाजवत होते.

गावाला मात्र हा इतिहास मान्य नाही. तारापुरात जुनी जीप दिसली की ती अमेरिकनांचीच. १९६४ साली इथं अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या अमेरिकन कंपन्यांनी ते उभं केलं आणि १९६९ साली वीज सुरू झाली, एवढं खरं. पण त्या पाच वर्षांत गोऱ्यांनी इथं सोडलेल्या म्हणून ज्या वस्तू दाखवतात त्या मोजल्या तर अणुभट्टी बांधायला त्यांना हात मोकळे कधी मिळाले असा प्रश्न पडतो. आमच्या ओळखीत गोऱ्या साहेबाची इस्त्री आहे, गोऱ्या साहेबाचं टेबल आहे, आणि एका घरी गोऱ्या साहेबाची पाटा-वरवंट्याची जोडी आहे. आमची जीप त्यातलीच. पुतण्या थारमधून उतरला तेव्हा म्हणाला, "काका, ही तर इम्पोर्टेड ना?"

म्हटलं, बाबा रे, ही मुंबईची. महिंद्रांनी स्वातंत्र्याच्या सुमारास विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला घेतल्या आणि पुढे इथंच बनवल्या. आमची ती उंच बॉनेटवाली, सीजे थ्री-बी. तिच्यात बसवलेलं हरिकेन इंजिन डोक्यानं उंच, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं आणि गाडीला एकदम विचारवंताचं कपाळ आलं. अमेरिकेत १९६८ साली हे मॉडेल बंद केलं. आपल्याकडे ते पुढेही कित्येक वर्षं निघत राहिलं. त्यांनी सोडलेलं आपण धरून ठेवतो, ही गोष्ट काही आमच्या वाडीत सुरू झालेली नाही.

"मग तर रिस्टोअरच करायला हवी," पुतण्या म्हणाला आणि फोन काढून बोटानं भराभरा वर सरकवू लागला. हिरव्या रंगाची, चमचमती, पुढे दोरखंड गुंडाळलेली एक जीप त्यानं दाखवली. किंमत ऐकून बायकोनं चहात दुसऱ्यांदा साखर घातली.

तो सकाळभर माहिती सांगत होता. २०२१च्या जुलैत केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झाली की गाडी 'व्हिंटेज'. वीस हजार भरायचे, मग दहा वर्षांची नोंदणी, आणि नंबरात 'व्हीए' ही दोन अक्षरं. म्हणजे गाडीच्या नावामागे पदवीच. मी कागद मागवून घेऊन चष्मा लावून वाचला. आमची जात स्टोअरकीपरची, आम्ही अटी आधी वाचतो. अशी गाडी रोज रस्त्यावर चालवायची नाही. प्रदर्शनाला न्यावी, रॅलीला न्यावी, आणि एरवी फक्त तेल भरायला आणि दुरुस्तीला.

हे वाचून मला आबांची फार आठवण आली. आमची जीप उभ्या आयुष्यात याशिवाय कुठं गेलीच नव्हती. पंपावरून गॅरेजात, गॅरेजातून पंपावर. मधे कधी वेळ मिळाला तर घरी. नियम करणाऱ्यांनी आमचीच गाडी डोळ्यांपुढे ठेवली असावी.

पण पुढे आणखी एक अट होती. गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. इथं पुतण्या गप्प झाला, कारण बॉनेट उघडल्यावर आत मॅटाडोर आहे. ते हरिकेन पेट्रोलवर चालायचं, आणि चालायचं म्हणजे प्यायचं. आबांनी ऐंशीच्या दशकात ते काढून मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं. त्या काळी सगळे तेच करत, ॲम्बेसेडरवालेही. बजाज टेम्पोची ही इंजिनं मर्सिडीजच्या परवान्याखाली बनत. त्यामुळे आबा चारचौघांत "आमची मर्सिडीज" म्हणायला मोकळे झाले. अंग अमेरिकेचं, काळीज जर्मनीचं आणि गंज तारापूरचा. यातला मूळ रूपात उरलाय तो गंज.

शिवाय पन्नास वर्षं झाली का, हाही घोळच. आरसी बुक वाळवीनं वाचलंय. पहिल्या नोंदणीचं साल १९७ पर्यंत स्पष्ट आहे, शेवटचा आकडा इंग्रजी तीन असेल किंवा आठ. तीन असेल तर आमची जीप राष्ट्रीय वारसा, आठ असेल तर जुनं जीपडं. भिंग लावलं, उन्हात धरलं. आरटीओच्या कामात मुरलेल्या एका एजंटाला दाखवलं. त्यानं डाव्या डोळ्यानं बघितलं, उजव्यानं बघितलं आणि अनुभवी माणसाचा सल्ला दिला : "दादा, २०२८पर्यंत थांबा. मग तीन असो की आठ, दोन्हीत बसते." इतका पटणारा सल्ला मला आयुष्यात क्वचित मिळालाय. मी लगेच उठलो होतो. पण त्यानं बसवलं आणि विचारलं, "आबा कुठे असतात?"

आबा २००९ साली गेले. जीप अजून त्यांच्या नावावर आहे. म्हणजे जी वस्तू मी विकायची की ठेवायची म्हणून रात्री कूस बदलतोय, ती माझी नाहीच. आधी वारसा हक्कानं माझ्या नावावर व्हायला हवी, त्याला फॉर्म एकतीस. मग मी विकली तर एकोणतीस आणि तीस. म्हणजे आकड्यांनी पुढे जायचं सोडून मागे यायचं, आमच्या रिव्हर्स गिअरसारखं, तो एक गिअर शेवटपर्यंत ठणठणीत होता. आणि सगळ्यांत आधी बाकीच्या वारसांची संमती. वारस किती? मी बोटं मोजायला घेतली, एजंटानं कॅल्क्युलेटर घेतला.

त्या रात्री मी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं : 'जीपबाबत निर्णय घ्यायचा आहे. विकावी की दुरुस्त करावी?' या ग्रुपवर एरवी गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ. दहा मिनिटांत चोपन्न निरोप आले. डहाणूच्या आत्यानं लिहिलं, त्या जीपमधून माझी पाठवणी झाली, ती विकलीत तर माहेर संपलं म्हणून समजेन. मी आत्याला फोन केला. "आत्या, पाठवणीला जीप वाणगावला बंद पडली होती ना? पुढे तू बैलगाडीनं गेलीस."

"म्हणून तर लक्षात राहिली," आत्या म्हणाली. "तुझे काका मला सगळ्यांदेखत म्हणाले, तू बस, मी ढकलतो. त्यानंतर त्यांनी तसं कधी म्हटलं नाही."

नाशिकच्या चुलतभावाचं म्हणणं पडलं की विका आणि समान वाटे करा. वाटा आठवा हिस्सा की सोळावा, यावर पुढचे तीस निरोप. वहिनीनं हात जोडलेला फोटो टाकला, त्याचा अर्थ कुणालाच कळला नाही. भागीदारीतली गाडी म्हटली की हे आलंच. महिंद्रांची कंपनी १९४५ साली निघाली तेव्हा नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं. फाळणीनंतर मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथं अर्थमंत्री झाले, पुढे थेट गव्हर्नर जनरल झाले. इकडे पाटी बदलून महिंद्रा अँड महिंद्रा. दोन देश झाले तरी कंपनीचं काम अडलं नाही. आमच्या सोळाव्या हिश्शाचं अडलंय.

रविवारी मी बोईसरहून मेस्त्री आणला. जुना माणूस, कमांडर आणि मॅटाडोरवर हात बसलेला. त्यानं जीपभोवती एक प्रदक्षिणा घातली, चपला काढल्या नाहीत एवढंच. मग खिशातून पेचकस काढून पत्र्यावर हलकेच टेकवला. पेचकस आत गेला. मेस्त्रीनं दुसरीकडे टेकवला, तिथंही गेला. तिसऱ्या खेपेला त्यानं तो खिशात ठेवला आणि अदबीनं दोन पावलं मागे सरला.

"काका, एक सांगू? गंज काढू नका."

"का?"

"गंजानंच धरून ठेवलीय गाडी."

युद्ध संपल्यावर कृष्णानं अर्जुनाला म्हटलं, आधी तू उतर. मग स्वतः उतरला, ध्वजावरचा मारुती गेला, आणि रथ जागच्या जागी जळून राख झाला. तितके दिवस तो दैवी बळावरच उभा होता. आमच्या रथाचं तसंच. पॉलिश पेपर लावला की वैकुंठ.

"आणि तरी करायचीच म्हटली तर?"

"बॉडी नवी ठोकून मिळते. पंजाब-हरियाणाकडे, डबवालीला अख्खी जीप नवी बनवतात. चॅसीला जोड द्यावा लागेल. पाटे नवे, गिअरबॉक्स बघू, वायरिंग सगळंच."

"मग जुनं काय राहील?"

मेस्त्रीनं विचार केला. "हॉर्न चांगला आहे," तो म्हणाला.

खर्च विचारला तर पाच-सहा लाख, इंजिन सोडून. वेळ विचारला तर गणपतीपर्यंत. कुठल्या गणपतीपर्यंत हे विचारायचं राहिलं. जाताना त्यानं चॅसी नंबर कागदावर घ्यायचा प्रयत्न केला, एजंटानं मागितला होता. कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची, आकडे उमटतात. उमटलं ते तारापूरच्या किल्ल्याच्या तटासारखं काहीतरी. तो किल्ला चिमाजी अप्पांच्या फौजेनं १७३९ साली घेतला, त्यानंतर दुरुस्ती न झालेल्या वस्तूंत आमची चॅसी दुसरी.

राहता राहिला भंगारवाला. सायकलवरचा नव्हे, टेम्पोवाला. त्यानं किलोचा भाव सांगितला आणि म्हणाला, "शेठ, गंज वजा करावा लागेल." ही गोष्ट माझ्या अकरावी सायन्सच्या मुलाला सहन झाली नाही. तो वही घेऊनच आला. लोखंड गंजतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं, म्हणजे वजन वाढतं. एकशे बारा किलो लोखंड पुरतं गंजलं तर एकशे साठ किलो गंज होतो, वरचं पाणी वेगळं. "तेव्हा गंजाचे पैसे जास्त द्यायला हवेत," तो म्हणाला. भंगारवाल्यानं त्याच्याकडे मायेनं बघितलं. "बाबू, मी हवेचे पैसे देत नाही."

तरी मला त्या हिशेबानं बरं वाटलं. आपल्याकडे समुद्र दहा मिनिटांवर, खारा वारा बारा महिने, चार महिने पाऊस. वाडीतली एकच वस्तू अशी की जी नुसती उभी राहून भरत चाललीय. मीही चाळिशीनंतर तसाच भरलो, पण मला कुणी वजा केलेलं नाही.

सरकारमान्य भंगारकेंद्रात दिली तर वेगळा कागद मिळतो, तो दाखवून पुढच्या खाजगी गाडीच्या करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सूट. पण पुढची गाडी घ्यायची कुणाला? आणि नोंदणी जिवंत करायची तर पंधरा वर्षांवरच्या मोटारीची फी २०२२मध्ये सहाशेची पाच हजार झाली, वीस वर्षांवरच्या गाडीला आता दहा हजार. आबांनी ज्या भावात जीप घेतली त्याच्या कितीतरी पट, नुसती ती आहे असं लिहून घ्यायला.

या सगळ्यात जमिनीचा एक दलाल वाडीत आला. वाढवणचं बंदर येतंय, बोईसरला बुलेट ट्रेनचं स्टेशन येतंय, तेव्हापासून हे लोक झाडाखाली उभं राहून झाड सोडून खाली बघतात. त्यानं जीप पावलांनी मोजली. म्हटलं, विकायची नाहीय अजून. तर म्हणाला, "गाडीचं नाही हो विचारत. ती हलवली तर किती जागा मोकळी होते ते बघतोय." त्यानं सांगितलेला आकडा जीपच्या सातपट होता. बायको दारातूनच माझ्याकडे बघत होती.

रात्री मी टॉर्च घेऊन जीपमध्ये जाऊन बसलो. बाजूच्या सीटवर, कारण ड्रायव्हरच्या सीटखाली आता टाकी नाही, प्रसूतिगृह आहे. शेवटची ती हलली २००६च्या मे महिन्यात. मुंबईचे पाव्हणे चिंचणीच्या किनाऱ्यावर थेट वाळूत नवी एसयूव्ही घेऊन उतरले आणि ती रुतली. भरती चढत होती. कुणीतरी म्हणालं, जीपवाल्यांना बोलवा. आबा तेव्हा ऐंशीचे. मला म्हणाले, तू चालव, मी सांगतो. दोन खटके खाली ओढले, चारही चाकं ओढायला लागली, आणि हे खटारं त्या मोटारीला वाळूतून असं उचलून घेऊन आलं की लोकांनी शिट्ट्या मारल्या. पाव्हण्यांनी पाचशेची नोट पुढे केली. आबांनी घेतली नाही, फक्त म्हणाले, "गाडी कोणती? महाग दिसते." परतताना तारापूरच्या वळणावर आतून कडाड आवाज आला. डिफरन्शियल. शेवटचा अर्धा किलोमीटर गावकऱ्यांनी ढकलत आणली आणि फणसाखाली लावली. आबांनी धोंडा ठेवला, बघितलं, पायानं थोडा सरकवला, परत बघितलं.

सकाळी निर्णय झाला. विकायची. पुतण्यानं फोनवर फोटो टाकले होते, त्यावरून वसईचा एक तरुण तयार झाला. जशी आहे तशी नेणार, मूळ रूप वगैरे बघणार नाही, कागदाचं नंतर बघू म्हणाला. भाव भंगारापेक्षा बरा. ग्रुपवर मी कळवलं, आत्यानं नुसतं 'ठीक' लिहिलं आणि फुलीवाला चेहरा टाकला. गुरुवारी तो क्रेन घेऊन आला. बायकोनं त्याला चहा दिला, दोनदा. धोंडा मी स्वतः काढला. क्रेनवाल्यानं पट्टे टाकायला वाकून आत बघितलं आणि मागे उडी मारली.

"आत काहीतरी आहे!"

टाकीच्या घमेल्यात आमची लाल कोंबडी बसली होती. पिसं फुलवून, डोळे वटारून. खुडूक. मुलानं हात घालायला बघितलं तर तिनं तो फोडला. बायको आली, पदर खोचला आणि मागे सरली. पोटाखाली अकरा अंडी होती.

वसईच्या पोरानं सुचवलं की उचलून टोपलीत ठेवू. शेजारच्या मावशी बॉनेटवरच्या मिरच्या गोळा करत होत्या, त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. "खुडूक कोंबडी जागची हलवायची?" मावशींनी विचारलं. "अंडी वाया जातील. तुझी आई आहे का रे घरी?" पोरगा आईचा होता. तो गप्प बसला.

"किती दिवस?" त्यानं मला विचारलं.

"एकवीस. कधी बसली ते माहीत नाही, तेव्हा आजपासून धर."

बायकोकडे बघायची माझी हिंमत नव्हती. पण ती कोंबडीपुढे वाटीत पाणी ठेवत होती. क्रेनचं भाडं मी दिलं. धोंडा परत ठेवला.

काल एकविसावा दिवस होता. संध्याकाळी वसईहून फोन आला, पिल्लं निघाली का म्हणून. मी टॉर्च घेऊन गेलो, बघून आलो. नऊ निघालीत.

"दोन राहिलीत," म्हटलं.